पाहुण्याचा वाटा

धानी याडी सकाळी उठली की आधी चूल पेटवत नसे. आधी ती पाटावर चढे, चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या रानडुकराच्या तंगडीत साळिंदराचा लांब काटा हाडापर्यंत खुपसे, बाहेर काढे आणि डोळे मिटून हुंगे. वास मनाजोगता असला तर 'हूं' म्हणून राखेतला निखारा फुंकायला बसे. वास जरा जरी बिनसलेला वाटला, तर त्या दिवशी घरात कोणाची धडगत नसे. तिच्याकडे मुक्कामाला राहिलो त्या पहिल्याच पहाटे डोळे उघडले आणि मला हे दिसलं. म्हातारी कुठल्याशा देवाची पूजा करते आहे असं वाटून मी पांघरुणातच हात जोडले होते. हे तिला पुढे कधीतरी सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

याडी म्हणजे आई. तांड्यातली पोरं तिला तसं म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. सत्तावन्न साली मी केळापूरच्या पलीकडच्या त्या बंजारा तांड्यावर मास्तर म्हणून गेलो. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, पण माझ्या शाळेला त्याची खबर नव्हती. शाळा म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, गोठ्याची पडवी, आणि फळा म्हणजे काळी केलेली एक फळी. राहायचं कुठे हा प्रश्न होता. तांड्यातलं रस्त्याच्या बाजूचं पहिलं घर याडीचं, म्हणून तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

"आव, बेस," ती आपल्या बोलीत म्हणाली आणि घोंगडी टाकली.

मी बसलो नाही. मागाहून कळून तिला वाईट वाटण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, म्हणून म्हणालो, "याडी, आम्ही बौद्ध आहोत. मागच्याच वर्षी दीक्षा घेतली. त्याआधी आम्हाला गाव काय म्हणत होतं, ते तुला ठाऊक असेल."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मीठ खातं का?"

"खातो."

"मंग बस न. उभा काहून?"

दोन-चार घरांनी नाकं मुरडली. खुद्द नायक तिला विचारायला आला. त्याला तिनं दारातच उत्तर दिलं, "पावण्याची जात तो जेवून गेल्यावर इचारा लागते. अन् जेवून गेल्यावर इचारून काय फायदा?" नायक तंबाखू चोळत परत गेला. तिच्यापुढे फार बोलण्याची तांड्यात कोणाची प्राज्ञा नव्हती.

वर्षभरानं माझी बदली वणीला झाली, पण तांडा काही सुटला नाही. नाताळच्या सुट्टीत माझे सहकारी हवा पालटायला चिखलदऱ्याला जात. मी सरळ पांढरकवड्याची एसटी धरी आणि आठ दिवस खायला याडीकडे जाऊन पडे. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर मुळीच वाटत नाही. सकाळी शेतात शेकोटीवर भाजलेला हुरडा, त्यावर जवसाची चटणी. दुपारी तुरीच्या कोवळ्या सोल्यांचं झणझणीत कालवण, आणि ज्वारीची हातभर भाकर. संध्याकाळी अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. कोणी बोकड कापला तर त्याच्या रक्ताची सळोई. ती करताना याडी चुलीपाशी कोणाला बोलू देत नसे. मी जेवताना ती समोर बसून माझे घास मोजत असावी, कारण दोन भाकरींवर थांबलो की म्हणे, "काहून बापा, वणीत पोट ठेवून आला का?"

रानडुक्कर मारलं की तांड्यात सारखे वाटे पडत. पळसाच्या पानांवर घराघराचा वाटा मांडला जाई. त्यातली एक मागची तंगडी अख्खी याडीकडे येई, कारण ती टिकवण्याची विद्या तिलाच येत होती. तिच्या आजेसासऱ्याचे बैल समुद्राकडून मीठ लादून आणत, असं ती अभिमानानं सांगे. ते बैल गेले, बैलांवरून माल वाहायची लदेणी गेली, तांडा शेतीला लागला, पण मिठाची अक्कल घरात राहिली. तंगडीवरचे केस जाळून खरवडायचे, हाडालगत सुरीनं भोकं पाडून त्यात खडेमीठ आणि हळद ठासायची, मग सगळीकडून चोळायचं. दोन दिवस पाट्याखाली दाबून पाणी काढायचं आणि मग महिना-दीड महिना धुरात टांगून ठेवायची. नवरा गेल्यापासून तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. मीठ चोळताना ते मोकळे हात कोपरापर्यंत पांढरे होत.

"वरून कोनीबी चोळते," ती म्हणायची. "मीठ हाडापावतर गेलं पाह्यजे. मास बाहेरून नाही सडत, मास्तर. हाडापासून सडते."

एवढ्या खटपटीनं टिकवलेली ती तंगडी मात्र घरातलं कोणी खात नसे. ती पाहुण्याची. हा सगळ्या तांड्याचा नियम नव्हता, याडीच्या सासूचा होता. आपण रस्त्यावरची माणसं, जन्मभर परक्या दारी जेवलो, म्हणून परक्याचा वाटा आपल्या घरात कायम टांगलेला पाहिजे, असं ती सासू सांगून गेली होती. पाहुणा हुरडा खाऊन जाईल, भाकर खाऊन जाईल. पण तो येईल तेव्हा शिकार झालेली असेलच असं नाही, म्हणून हा खटाटोप. घरच्यांना त्यातलं मिळायची एकच वाट होती. पाहुण्यानं पोटभर खाऊन ताटात जे ठेवलं, ते घरच्यांचं. "पावणा धाला का ताट घराचं," याडी म्हणे. तिचा एकुलता एक मुलगा फुलसिंग लहानपणी वाटसरूंच्या शेजारी बसून त्यांच्या ताटाकडे टक लावून बघे, आणि वाटसरू अधाशी निघाला तर रडे.

आणि मी, तिचा दरवर्षीचा पाहुणा, त्या तंगडीला तोंड लावत नव्हतो.

ताजं मांस मी आवडीनं खाई. वाळवलेलं नाही. आमच्या लहानपणी घरापुढे एक दोरी बांधलेली असे, आणि गावात मेलेल्या ढोरांच्या मांसाच्या चान्या तिच्यावर वाळत. गावानं टाकलेलं आम्ही खायचं, हीच आमची वतनदारी. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या दिवशी वडिलांनी घरात पाऊल टाकण्याआधी ती दोरी विळ्यानं कापली. "आता या घरच्या मानसाच्या तोंडात वाळलं मास नाही जाणार," ते म्हणाले. मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. हे मी याडीला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आग्रह केला नाही. पण दरवर्षी माझ्या ताटात दोन भाजलेले तुकडे वाढायची मात्र राहिली नाही. "तू नोको खाऊ. म्या नाही वाढलं त माह्या सासूले काय सांगू?" मी ते तुकडे न शिवता तसेच ठेवी. न शिवलेलं ते उरलेलं धरलं जात नसे. ती उचलून पुन्हा वर ठेवी, आणि मग एखादा बांगडीवाला नाहीतर जंगलखात्याचा माणूस त्यावर ताव मारून जाई.

फुलसिंगला मी तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. मी तांड्यावर आलो त्याच्या थोडं आधी, पावसाळ्यात, तो राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता, आणि माझ्या वर्षात एकदाही घरी फिरकला नव्हता. त्याचं कारण याडीनंच मला एकदा मीठ चोळता चोळता सांगितलं. जाऊ नको म्हणून तिनं त्याला परोपरीनं सांगितलं. आपण जमिनीवरून चालणारी जात, जमिनीच्या खाली कायले जायचं? तो ऐकेना. पेटी उचलून निघाला तशी ती मागून ओरडली, "गेला त मंग आता पावणा म्हनूनच ये!"

दुसऱ्या घरात हे बोलणं चार दिवसांत विरून गेलं असतं. या घरात पाहुणा या शब्दाला अर्थ होता. फुलसिंग वर्षा-सहा महिन्यांनी कोणाबरोबर तरी खुशाली कळवी, पण येत नसे.

"तोंडातून निघालं, मास्तर," याडी म्हणाली. "मास बिघडलं त फेकता येते. बोलनं कुठं फेकू?"

"मग राजूरला निरोप पाठव ना. चुकलं म्हणावं."

"म्या?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ती प्रेमळ होती, उदार होती, पण बोललेलं मागे घेणं तिच्या हाडातच नव्हतं. तरीसुद्धा मोटारीचा आवाज आला की तिची मान रस्त्याकडे वळे.

साठ सालचा नाताळ असावा. दुपारी मी अंगणात घोंगडीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. रस्त्यानं एक धिप्पाड तरुण आला. अंगात पॅण्ट, हातात पत्र्याची पेटी, नखांत कोळसा मुरलेला. तो फाटकाशी थांबला. आत आला नाही.

"रामराम," तो म्हणाला. स्वतःच्या आईला, परक्यानं करावा तसा.

याडी दारात आली. तिचा चेहरा क्षणभर हलला आणि पुन्हा घट्ट झाला. "रामराम. बस," ती म्हणाली.

तो माझ्या शेजारी बसला. ती आत गेली. तंगडी खाली उतरवल्याचा, मग विळ्याचा, मग निखाऱ्यावर चरचरल्याचा आवाज आम्ही दोघं बसून ऐकत होतो. तिनं दोन ताटं आणली. दोन्ही ताटांत भाकर, कालवण आणि वाळल्या मांसाचे भाजलेले तुकडे होते.

फुलसिंगनं ताटाकडे पाहिलं. "हा कोनाचा वाटा हाये, याडी?"

"पावण्याचा."

"अन् मी पावणाच हावो?"

तिनं नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. तो त्या एका शब्दासाठी तीन वर्षांनी आला होता, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तिचे ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही. फुलसिंगनं ताट सरकवलं, उठला आणि पेटीला हात घातला. याडी विळा हातात धरून तशीच उभी राहिली. इतकी हतबल मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मला ते बघवेना.

मी माझ्या ताटातला एक तुकडा उचलला आणि खाल्ला.

मीठ, धूर, आणि खोल कुठेतरी एक गोडवा. दोरीवरच्या मांसाची चव मला आठवत होती. ही ती नव्हती. ते आमच्यापुढे टाकलेलं होतं, हे माझ्यासाठी राखलेलं होतं. तरी घास खाली जायला दोन घोट पाणी लागलं, हे कबूल करतो. घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं.  मग त्यांनी एकच विचारलं, "पह्यला घास कोनाचा होता?" मी म्हणालो, माझा. "मंग ते येगळं," ते म्हणाले.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी आणखी दोन तुकडे खाल्ले, भाकर खाल्ली, हात झटकले आणि उरलेलं ताट फुलसिंगकडे सरकवलं. "माझं झालं. पाहुणा धाला," मी म्हणालो. "आता ताट घराचं."

मी कोण, हे त्याला तांड्याच्या वाटेवरच कोणीतरी सांगितलेलं असणार. तो ताटाकडे बघत उभा राहिला. आमच्या कित्येक पिढ्यांनी गावाचं उष्टं खाल्लं होतं. माझ्या उष्ट्यापाशी कोणी असं अडून उभं राहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. तो 'नाही' म्हणाला असता तर मला काय वाटलं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. 

त्यानं पेटी खाली ठेवली. मांडी घालून बसला, माझं ताट पुढे ओढलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला.

"याडी," तो म्हणाला, "मीठ लई झालं."

पाहुणा कधी असं म्हणत नाही. पाहुणा खातो, छान झालं म्हणतो आणि हात धुतो. नावं ठेवायचा हक्क पोटच्या पोराचा. याडीला ते कळायला एक क्षण लागला. मग तिनं विळा खाली टाकला.

"लई झालं म्हने!" ती कडाडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "एकटी बाई काय काय करन? तंगडी धराले कोनी नाही, चोळाले कोनी नाही, हाताचा अंदाज गेला माह्या. पुढच्या खेपी तूच चोळ!"

"चोळीन न," तो खाली बघत म्हणाला.

तेव्हा ती त्याच्या शेजारी टेकली, माझ्या त्या ताटातला एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.