ही रायफल कुणी नीट केली?

आम्हाला अमेरिकन सिटिझनशिप मिळाली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात नवऱ्याने रायफल आणली. कोलंबसजवळच्या आमच्या डब्लिनपासून तासाभरावर, मक्या-सोयाबीनच्या मुलखात, एका म्हाताऱ्याच्या मागे त्याच्या मुलांनी घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लांब जाड नळी, वर जुनी दुर्बीण. वयाने माझ्यापेक्षा मोठीच असेल. शेतात बिळं करणारे ग्राउंडहॉग लांबून टिपायला अशा रायफली वापरतात. ग्राउंडहॉग दिसायला आपल्या घुशीसारखा, पण लठ्ठ बोक्याएवढा. त्याच्या बिळात गाईचा पाय मोडतो, ट्रॅक्टरचं चाक रुततं, म्हणून शेतकरी आपण होऊन नेमबाजांना बोलावतात.

नवऱ्याला ग्राउंडहॉगशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या ऑफिसातली काही मंडळी शनिवारी डायरेक्टरच्या सासऱ्याच्या शेतावर नेमबाजीला जायची. "खरं ऑफिस तिथे चालतं," तो म्हणायचा. "आपण इथे कोड लिहून मरतोय आणि प्रमोशन तिकडे कुंपणाला टेकून ठरतं."

पहिल्या शनिवारी तो गेला आणि जेवायच्या आधीच परत आला. कपडे धुवायला टाकताना त्याच्या खिशात टार्गेटचा चुरगळलेला कागद सापडला. शंभर यार्डांवरून झाडलेल्या पाच गोळ्या थालीपीठाएवढ्या जागेत विखुरल्या होत्या, त्यातही एक कागदाच्या पार कडेला.

"नळी गेलीये," तो म्हणाला. "हसत होते सगळे. टाकाऊ माल गळ्यात मारला त्या लोकांनी."

"मी बघू का?"

"तू? तुला काय कळतंय त्यातलं?"

मुद्दाम लागेल असं तो बोलला नव्हता, हेच जास्त लागलं. लग्नाआधी मी भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये इंजिनिअर होते. डाय आणि जिग बसवताना मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर तो कुठे चुकला हे शोधणं माझं काम होतं. त्याच्या मागे इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे काम करायची परवानगीच नाही. परवानगी मिळाली तोवर मधली रिकामी वर्षं बघूनच लोक माझा रेझ्युमे बाजूला ठेवायला लागले होते. मग मी शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायची नोकरी धरली. हे सगळं त्याला माहीत होतं. विसरला होता, इतकंच.

रायफल बेसमेंटमध्ये पडून राहिली. मी दुपारी शाळेतून आले की खाली जायला लागले.

नळी गेलेली नव्हती, घाण होती. अमोनियाच्या वासाचं औषध लावून आतून फडकी ओढली तर ती हिरवी-निळी होऊन यायची. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचं तांबं आत चिकटलं होतं. फडकी पांढरी यायला लागली तेव्हा मी दस्त्याकडे वळले. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली, ती अर्ध्यातच अडकली. इथल्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगून एका बाजूने नळीला रेटत होतं. नळी प्रत्येक गोळीबरोबर तापते आणि रेटा बदलतो. मग दोन गोळ्या एका जागी पडणार कशा?

खरी मेख नळीच्या मागे होती, रायफलचं लोखंडी अंग लाकडात जिथे बसतं तिथे. टूलरूममध्ये आम्ही ब्लू लावून बघायचो. एका भागाला निळा रंग फासायचा, तो दुसऱ्यावर टेकवायचा, आणि जिथे रंग उमटेल तेवढाच तो खरा टेकतो असं समजायचं. मुलीच्या जुन्या ऑइल पेंटमधली निळी ट्यूब घेतली. लाकडावर दोनच ठिकाणी रंग उमटला, तोही तिरका. एवढं जड लोखंड दोन टेकूंवर डुगडुगत होतं. मी लाकूड थोडं खरवडलं, तिथे एपॉक्सी भरून लोखंडाची बैठक घडवली, नळीखालची खाच मोकळी केली. दुर्बिणीचा एक स्क्रू ढिला होता, तोही बसवला. हाताला सगळं आठवत होतं. त्या दिवसांत मी स्वयंपाक करताना गुणगुणते, असं सुट्टीला आलेल्या मुलीने सांगितलं. मला पत्ताही नव्हता.

मग रायफल नीट केलीये असं मी त्याला सांगितलं आणि आम्ही दोघं गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. आधी तो बसला. गोळ्या पुरीएवढ्या जागेत पडल्या. "हात बसतोय माझा," तो खूश होऊन म्हणाला.

"मला दे एकदा," मी म्हटलं.

मी याआधी बंदूक चालवली नव्हती. पण श्वास रोखून हात स्थिर ठेवायची सवय टूलरूममध्ये डायल गेजवर बारीक मापं घेताना झालेली. पाचही गोळ्या जवळजवळ एकाच छिद्रात गेल्या. वर रुपया ठेवला असता तर सगळं झाकलं गेलं असतं.

रेंज सांभाळणारे म्हातारे गृहस्थ दुर्बिणीतून बघून आमच्याकडे आले. रायफल हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट केली, नळीखालच्या फटीवरून बोट फिरवलं. "सुरेख काम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "कुणी नीट केली ही?"

"मीच," नवरा म्हणाला. "वेळ लागला, पण जमलं."

त्यांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. मी कानावरचे मफ काढून पिशवीत ठेवत होते.

गाडीत मी म्हटलं, "खोटं कशाला बोललास?"

"अगं, सहज विचारलं त्याने. बायकोने केली म्हणून सांगायचं होतं का?"

"हो."

"कमाल करतेस यार! एवढं काय त्यात?"

त्यानंतरचे शनिवार त्याचे होते. शेतावर त्याला मान मिळायला लागला. मला काही त्याने नेलं नाही. एकदा तो डायरेक्टरचीच रायफल घेऊन घरी आला. तिच्याही गोळ्या विखुरत होत्या.

"जरा बघशील? मी हो म्हणून आलोय."

"बघते. पण त्यांना घरी बोलाव. मी करणार आहे हे सांग."

"आता कसं सांगू? काय तोंड दाखवू मी?"

"मग तूच कर."

त्याने खरंच केली. मी वर लसूण सोलत होते, खालून कानशीचा आवाज येत होता. लाकडावर कानस अशी घाईने चालवत नाहीत, हे सांगायला मी जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. त्याने दस्ता वेडावाकडा खरवडला, आणि स्क्रू इतका आवळला की लाकडाला चीर गेली. ती रायफल डायरेक्टरच्या वडिलांची होती. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, पण शनिवारची बोलावणी थांबली. आमच्यातलं बोलणं तर आधीच कमी झालं होतं.

एका संध्याकाळी कामावरून आले तर बेसमेंटमधला कोपरा मोकळा होता.

"विकली," तो म्हणाला. "नको ती ब्याद घरात."

"मला विचारायचंस तरी."

"माझी होती ती."

मुलीला फोनवर सांगितलं. ती ॲन आर्बरला शिकते. "मॉम, यू शुड हॅव जस्ट टोल्ड देम," ती म्हणाली. सोपंच होतं ते, तिच्या दृष्टीने.

त्या हिवाळ्यात मी कोलंबसच्या पलीकडे बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. मालकाला हाताखाली माणूस हवा होता. त्याने मला बसवून घेतलं, कॉफी दिली, भोसरीबद्दल, ब्लूबद्दल सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही केलेलं एखादं काम घेऊन या. हातात घेऊन बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

मी बरं म्हणून उठले. पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढला आणि घरी आले. नवरा टीव्हीपुढे बसला होता. "उशीर झाला?" त्याने विचारलं. "हो, शाळेत काम होतं," मी म्हटलं, आणि कुकर लावला.