उशिरा दिसणारं विमान

माझी धाकटी बहीण हवाई दलात रडारच्या पडद्यासमोर बसते. कुठे, ते आम्हाला कधीच कळलेलं नाही. सीमेवर वातावरण तापलं आणि तिचा फोन लागेनासा झाला, तेव्हा मी जळगावच्या कॉलेजातून रजा काढून पाचोऱ्याला आईकडे आलो.

आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. रडारला चकवणाऱ्या विमानांवर चर्चा चालली होती. तिने आवाज बंद केला. "ते इमान रडारवर दिखत नही, मंग तिले कसं समजी?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो. सोपं करून सांगितलं. रडार लहरी सोडतं, त्या विमानावर आपटून परत येतात, म्हणून विमान कळतं. या विमानांचा आकारच असा घडवतात की लहरी भलतीकडे फेकल्या जातात. काही लहरी विमानावरचा लेप शोषून घेतो. "अगदीच दिसत नाही असं नाही, आई. खूप लहान दिसतं. जवळ आल्यावर सापडतं."

"म्हंजे उशिरा."

पहिला हल्ला बहुतेक रडारवरच होतो, हे मी बोललो नव्हतो. टीव्हीने ते आधीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आलो तर घराला कुलूप. आई पिशवी घेऊन स्टेशनकडे गेल्याचं शेजारणीने सांगितलं. धावत गेलो. ती फलाटावर उभी होती.

"कुठलं तिकीट काढलंस?"

"दिल्लीनं. फुढे इचारत इचारत जासू."

"तिची जागा कुणी सांगणार नाही, आई."

"माय शे मी तिनी. मले सांगतीन."

गाडी आली. मी पिशवी धरली, तिने ओढली, बंद तुटला. आतली भाकरी आणि बहिणीचा स्वेटर खाली पडला. ते गोळा करेपर्यंत गाडी सुटली. आई तिथेच जमिनीवर बसली. मीही शेजारी बसलो.

आठवडाभराने बहिणीचा फोन आला. आईने एवढंच विचारलं, "तुले बठ्ठं दिखस ना?"

"सगळं दिसतं, आई."

आई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. फोन माझ्या हातात होता.

"दादा," बहीण हळू आवाजात म्हणाली, "पडद्यावर एकदा काहीतरी आलं आणि गेलं. काय होतं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हापासून मला झोप नाही."

तिने फोन ठेवला नाही. मी तिचा श्वास ऐकत उभा राहिलो.