दाण्यासंगं उधई

पहाटे लय थंडी होती. ओढ्याकाठच्या ज्वारीवर धुकं लोंबत होतं आणि कडूबाई बांधावरच्या वारुळावर पालथं घातलेलं मडकं उचलत होती. ऊन चढायच्या आत उचलावं लागतं, नाहीतर उधई, म्हणजे वाळवी, परत मातीत उतरते. सांजेला मडक्यात कोंबलेलं ओलं शेण नि कडब्याचा चुरा आता पांढऱ्या उधईनं नुसता वळवळत होता. बाईनं पदर खोचला आणि लेकरू घ्यावं तसं मडकं कडेवर घेतलं. अंगणात झटकलं की कोंबडे तुटून पडले.

हा उद्योग विहीणबाईंमुळं लागला. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या साली कडूबाईच्या लेकीचं, दैवशालाचं लग्न झालं. नंतरच्या जेवणाला कोंबडा कापला, तर सासू नर्मदाबाई हाडूक चोखत म्हणाल्या, "तुमच्या चुडावा गावात कोंबड्याला अंग नसतंय का वो? निसती पिसाची पिशवी!"

तिकडं दैवशालाची भाकर जरा करपली तरी ऐकू यायचं, "पिशवीवाल्याची लेक!"

"जत्रेला या," कडूबाईनं निरोप धाडला. "तवा बगू."

आधी तिनं ज्वारी ओतली. सूपभर, वर आणखी सूपभर. कोंबड्यांची पोटं टम्म, पण माना उघड्या, आणि एकमेकांचीच पिसं उपटून खायलेत. शेजारच्या धुरपताबाईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ठसका सगळ्या गल्लीला लागला, कोंबड्यांना ढिम्म काही नाही.

एक तांबडा तेवढा उनाड. दाण्याला यायचा नाही, दिवसभर उकिरडा उकरून किडे वेचायचा. त्याची पिसं मात्र तेल लावल्यावाणी. जेवताना कडूबाई त्याच्याकडंच बघत राहिली.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "निसत्या भाकरीवर तुमी किती दिस वखर हाकाल? संगं वरण लागतंयच की."

व्यंकटराव हसला. "मग आता कोंबड्याला वरण शिजिवतीस?"

वरण नाही, पण डाळ भरडून उरलेली तुरीची चुनी म्हशीच्या घमेल्यातून मूठभर ज्वारीत जाऊ लागली. दाणा कमी झाला आणि वरून उधई आली. म्हैस रुसली, कोंबड्यांच्या माना भरल्या. व्यंकटराव आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या घरी तालीम काढलीया. पैलवान आत हायत."

जत्रेला विहीणबाई आल्या. ताट वाढलं. दैवशाला चुलीपाशी फुंकणी धरून बसली, पण फुंकायचं विसरली. नर्मदाबाईंनी मांडीचा तुकडा मोडला, चावला, पुन्हा मोडला.

"काय खाऊ घातलंत वो ह्याला?"

खोटं कडूबाईला जमायचं नाही. "ज्वारी, चुनी. अन् उधई."

हात तोंडापाशीच थांबला. "उधई? म्हंजी म्या उधई खाल्ली?"

"उधई कोंबड्यानं खाल्ली, विहीणबाई. तुमी कोंबडा खायलाव."

व्यंकटरावाला ठसका लागला. नर्मदाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळे पदरानं पुसावे लागले.

"वाढ गं दैवशाला," ताट पुढं करत त्या म्हणाल्या. "आमच्या बांधावर बी लय वारुळं हायत. घरी गेल्यावर तुज्या मायवाणी मडकं घालायचं काम तुजं. अन् पिशवी म्हणलं कुणी, तर मला सांग."

चुलीत जाळ भप्पकन उठला. कडूबाईनं मूठभर राख घेतली आणि खरकटी भांडी घेऊन घासायला बसली.