हेली गेल्यानंतर

आसगावच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या सत्यवतीला एकच लेक, तृप्ती. ती तान्ही होती तेव्हा सत्यवतीच्या हातून एकदा पाण्याने भरलेला पितळी गंज खाली आदळला. शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं, तृप्ती मात्र पाठमोरी खेळत राहिली. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, कानाला मशीन मिळालं, पण काही फरक पडला नाही.

तेव्हापासून मायलेकींचं घरच्या खुणांवर भागत होतं. जेवण म्हणजे पोटावर थाप. बाप म्हणजे मिशीवरून फिरवलेलं बोट. बाप सुगत लाखनीला हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात कामाला होता आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. आईसाठी मात्र खूणच नव्हती. आई हवी असली की तृप्ती येऊन पदर ओढायची. शाळेत ती मागे बसून चित्रं काढायची. गुरुजी तिला रागवत नसत, शिकवतही नसत. पोर शांत आहे, असं सगळे म्हणत. सत्यवतीलाही तसंच वाटायचं.

तृप्ती आठ वर्षांची होती त्या हिवाळ्यात गावात अमेरिकेतल्या एका शाळेची मुलं आली. नागपूरच्या एका संस्थेने त्यांना आणलं होतं. धानाची मळणी आटोपली होती, लोक मोकळे होते, त्यामुळे त्यांना बघायला अख्खं गाव लोटलं. मुलं पंधरा-सोळा वर्षांची. शाळेच्या भिंती रंगवायच्या, हात धुवायला ओटा बांधायचा आणि गावातल्या पोरांना खेळवायचं, एवढं त्यांचं काम. दुभाषी म्हणून संस्थेचा मनिष होता. स्वयंपाक सत्यवतीकडे होता. बिनतिखटाची भाजी शिजवताना तिलाच कसंतरी व्हायचं.

त्या मुलांमध्ये हेली नावाची एक उंच, चष्मेवाली मुलगी होती. रंगाचा डबा घेऊन जाताना तिने तृप्तीला मागून हाक मारली, पुन्हा मारली. मग डबा खाली ठेवून ती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हातांनी काहीतरी करू लागली. मनिषने सत्यवतीला सांगितलं, "हिचा लहान भाऊ असाच आहे, काकू. त्यांच्या घरी सगळे हातानंच बोलतात."

पहिल्या दिवशी तृप्ती नुसती बघत राहिली. मग पाण्याच्या नळाशी हेलीने तीन बोटं हनुवटीला लावली आणि नळ दाखवला. पुन्हा तेच. तृप्तीने स्वतःची बोटं लावली, नळाकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. नंतर ती झाडाकडे धावली, कुत्र्याकडे धावली, शाळेच्या घंटेकडे धावली. प्रत्येक वस्तूला बोट लावून हेलीकडे बघायची, याला काय म्हणतात? भिंत रंगवायची राहिली. मुलांसोबत आलेल्या त्यांच्या बाई दोनदा हेलीला बोलावून गेल्या, तिसऱ्यांदा आल्या त्या मात्र तिथेच उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी सत्यवती चुलीपाशी बसली होती. तृप्ती दारात आली. पदर न ओढता ती समोर उभी राहिली, पंजा उघडला आणि अंगठा हनुवटीला टेकवला. मागोमाग आलेली हेली मनिषला काहीतरी म्हणाली.

"आई म्हणून राहिली तुम्हाले," मनिष म्हणाला.

सत्यवतीच्या हातातला झारा तसाच राहिला. भाजी खाली लागली.

त्या दिवसांत तृप्ती झोपेतसुद्धा हात हलवायची. सत्यवतीने हेलीला आपल्यालाही शिकवायला सांगितलं, पण दिवसभर तीस माणसांचा स्वयंपाक, भांडी, अंगणवाडी. तिला पाणी, आई, पाऊस, मैत्रीण एवढ्याच खुणा आल्या. तृप्ती मात्र पुढे पळत सुटली होती. ओट्यावर बसून ती आणि हेली काय काय बोलायच्या आणि खदखदून हसायच्या. सत्यवती मनिषला विचारायची, "काऊन हासून राहिल्या जी?" मनिष खांदे उडवायचा. हातांची भाषा त्यालाही येत नव्हती.

मग मुलांचे दिवस संपले. सरपंचांनी शाल-नारळ दिले, फोटो काढले. हेलीने तृप्तीला मिठी मारली, दोघी रडल्या. सत्यवतीने मनिषला विनवलं, "तिले म्हणा ना, काहीतरी सोय करा आमची."

हेलीने ऐकलं, खूप वेळ मान डोलावली. मनिष म्हणाला, "ती व्हिडिओ पाठवीन म्हणते, काकू. माझ्या फोनवर येतील."

बस गेली. महिनाभराने सत्यवतीने मनिषला फोन लावला. एक व्हिडिओ आला आहे, गावाकडे आलो की दाखवतो, असं तो म्हणाला. तो आला नाही. पुढे त्याने संस्था सोडली आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

इकडे तृप्तीने घरच्या खुणा सोडून दिल्या. पोटावर थाप मारून सत्यवतीने जेवायला बोलावलं, की ती तोंड फिरवायची. संध्याकाळी आईसमोर बसून ती भराभर हात हलवायची आणि थांबून तिच्याकडे बघायची. सत्यवती पाणी द्यायची, पोळी द्यायची, पांघरूण द्यायची. तृप्ती मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, अगदी सावकाश, लहान पोराला समजवावं तसं. शेवटी जमिनीवर हात आपटायची.

"मले नाही समजत ना, माय," सत्यवती म्हणायची. तेही तिला ऐकू जात नव्हतं.

सुगत म्हणाला, "पह्यले बरी होती पोट्टी. कायले शिकवलं त्यायनं?"

सत्यवती त्याच्यावर उखडली. "शिकवलं म्हणून बोलते तरी! आपण काय शिकवलं तिले?"

पण एकटी असली की तिच्याही मनात तेच यायचं, आणि मग तिला स्वतःची लाज वाटायची.

पुढच्या हिवाळ्यात त्याच शाळेची नवी मुलं आली. गाडीचा धुरळा दिसताच तृप्ती धावत सुटली. उतरणाऱ्या प्रत्येकासमोर उभं राहून ती हातांनी बोलू लागली. मुलं हसली, हात जोडून नमस्ते म्हणाली. एकीने तिच्यासारखे हात हलवून दाखवले, तिला तो खेळ वाटला. एकाने चॉकलेट दिलं. तृप्ती शेवटच्या मुलापर्यंत गेली, मग रिकाम्या गाडीत चढून पाहून आली. हेली त्यांच्यात नव्हती. सत्यवतीने तिला उचलायला हात पुढे केले, तेव्हा तृप्तीने ते ढकलून दिले.

त्या उन्हाळ्यात सत्यवती तिला घेऊन भंडाऱ्याच्या मूकबधिर निवासी शाळेत गेली. तिथल्या बाईंसमोर तृप्तीने हात हलवले. बाईंनी लक्ष देऊन पाहिलं, पुन्हा करायला लावलं.

"हे अमेरिकेकडचं आहे, ताई. आपल्या इकडच्या खुणा वेगळ्या. थोडंफार कळतं, सगळं नाही."

"मंग आता?"

"इथं ठेवा. लहान आहे, वर्षभरात शिकून घेईल."

"अन् मले कोण शिकवन?"

बाई मनापासून म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी येत जा." पण अंगणवाडी, घर आणि दोन बस बदलून येणं, महिन्यातून एक रविवार जमला तरी पुष्कळ. तृप्तीला तिथे सोडून सत्यवती एकटी परतली.  

तृप्ती आता चौदा वर्षांची आहे. शाळेत हुशार आहे, चित्रकलेत बक्षिसं मिळवते. गेल्या दिवाळीत ती वसतिगृहातल्या मैत्रिणीला, खुशबूला घरी घेऊन आली. दोघी अंगणात समोरासमोर बसल्या. हात असे चालत होते की नजर ठरत नव्हती. मध्येच दोघी गंभीर झाल्या. तृप्तीने डोळे पुसले, खुशबूने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सत्यवती चिवड्याची ताटली घेऊन दारात उभी होती. पोरीला काय दुखतंय, शाळेत काही झालं का, कुणी काही बोललं का, हे विचारायला तिच्या रविवारी शिकलेल्या चार खुणा पुरत नव्हत्या. ताटली दोघींच्या मध्ये ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली आणि कधी एकीच्या, कधी दुसरीच्या हातांकडे बघत राहिली.