पाहुण्यांना न चालणारी भाकर

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करताना, ज्वारीची भाकर असायची. मोताळ्याजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं अकरा, प्रार्थनेला एक टिनाचं शेड, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांत मिळून मोडायची ती एकच भाकर. ती करायची एक म्हातारी मावशी. तिचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण करण्यात आणि कापूस वेचण्यात गेला. तरुणपणी शेतमालकाच्या दारात तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिली की ती एवढंच सांगायची, "इथं माह्या हातचं समदे खातात. तवाच मले समजलं, येशू खरा आहे."

दर वेळी तेच. मी मंडळीचा पंच, त्यात शाळामास्तर. मनातल्या मनात मला तिच्या साक्षीचा कंटाळा यायचा.

भाकर थापताना ती अकराही घरांतल्या माणसांची एकेक करून नावं घेते आणि प्रार्थना करते, हे मला ठाऊक होतं. माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी तिच्या चुलीपाशी बसून ते ऐकलं होतं. रडलोही होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरातले एक पाळक आमच्याकडे यायला कबूल झाले. मोबाईलवर त्यांची प्रवचनं हजारो लोक बघतात. मी हुरळून गेलो. शेडला पांढरं कापड लावलं, भाड्याने स्पीकर आणले, पाहुण्यांच्या फोटोचा बॅनर केला आणि त्याच्या कोपऱ्यात हळूच माझाही फोटो घातला. सगळं मोबाईलवर थेट दिसणार होतं. त्यात ती कडेला करपलेली भाकर दिसणार, या विचारानेच मला कसंनुसं व्हायला लागलं. मी अकोल्याहून प्रभुभोजनाच्या पातळ, पांढऱ्याशुभ्र चकत्या मागवल्या. सोबत चकचकीत तबकही आलं.

मावशीला काय सांगायचं? खरं सांगायची हिंमत नव्हती. आठवडी बाजारात ती भेटली तेव्हा उभ्या उभ्या उरकून टाकलं.

"मावशी, या रविवारी भाकर नका आणू. पाहुण्याइले नाही चालत."

तिच्या हातातली पिशवी तिने खाली ठेवली. "माह्या हातची नाही चालत?"

माझा मोबाईल वाजत होता, मंडपवाल्याचा फोन होता. "हाव," म्हणालो आणि फोन कानाला लावला.

रविवारी शेड नुसतं झळकत होतं. मावशी सगळ्यात मागे बसली. तबक तिच्यापुढे आलं तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले, चकती घेतली आणि डोळे मिटले. मी मात्र कॅमेरा नीट धरलाय की नाही ते पाहत होतो.

दुपारी पाहुणे माझ्या घरी जेवायला बसले. मी वाढत असताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे एक आजी प्रभुभोजनाची भाकर करतात ना? मला कुणीतरी सांगितलं होतं. खरं म्हणजे ती भाकर मिळेल म्हणूनच मी एवढ्या लांब आलो."

"त्या आता थकल्यात," मी म्हणालो. "होत नाही त्यांच्याने."

हात धुवायला उठलो आणि तिथे नळाखाली मला तिचा प्रश्न नीट ऐकू आला. तिने भाकरीचं विचारलंच नव्हतं. तिने हातांचं विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो. ज्या एका गोष्टीवर तिचा सगळा विश्वास उभा होता, तीच मी बाजारात उभ्या उभ्या खोटी ठरवली होती.

तरीही मी दीड वर्ष तिच्याकडे गेलो नाही. चकत्यांचं पाकीट उरलं होतं, ते संपलं, मी दुसरं मागवलं. तिने कधी विचारलं नाही. रविवारी मात्र ती एकदाही चुकली नाही.

शेवटी यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी गेलो. ती ओट्यावर तूर निवडत होती. मी खाली मान घालून सांगितलं, "मावशी, पाहुणे काहीच बोलले नव्हते. ते मीच बनवून सांगितलं. ते तं तुमचीच भाकर मागत होते."

तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे इतके दिस मी त्या भल्या माणसाले मनात दोष देऊन राह्यलो. त्याची माफी मांगा लागन मले देवाजवळ."

मला वर बघवेना. "मले माफ करा मावशी. या रविवारी भाकर आणा."

"माफ केलं गुरुजी," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "पण भाकर नका मांगू. थापाले बसलो की आता नावं नाही येत तोंडात. तुमचं 'हाव' येते."