फळ्यावरची आजची तारीख

आमच्या क्रीडामंडळाच्या फळ्यावर रोज कुणीतरी खडूनं 'आजच्या दिवशी' लिहितं. आज तिथं एका धावपटूचा विक्रम होता आणि त्याच्याच खाली, शर्यतीत गाडी उलटून जीव गेलेला एक चालक. त्याच्याही घरी ही तारीख सकाळी साधीच उजाडली असेल. मैदानाकडे पाठ करून मी ते वाचत होते. मागं कबड्डीचा सामना चालू होता, माझी लेक चढाईला गेली होती.

मागून आरोळी आली, "मेली! मेली!"

कबड्डीत बाद झालेल्याला मेला म्हणतात, हे लहानपणापासून ठाऊक असूनही मी गर्रकन वळले. ती रेषेबाहेर बसून गुडघ्यावरची माती झटकत होती.

"आई, घाबरतेस काय? होईन की आत्ता जिवंत!"

फळ्यावर खाली एक ओळ कोरी होती. ती झाकून मी सामना संपेपर्यंत उभी राहिले.