पेढ्यांच्या डब्यातला नमुना

बन्सीधरकाका आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. काम काचपट्ट्या धुण्याचं, पण पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाशेजारी काढून नजर अशी तयार झालेली की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. तिरसट तर इतके, एक पट्टी फुटली तरी अशी झडती घ्यायचे, की मुलं मागून त्यांना 'पंचनामा' म्हणायची. मीही म्हणायचे.

पहिल्या वर्षी सरांनी वर्गात विचारलं, "शिक्षणाकडून काय अपेक्षा आहे?" कुणी सरकारी नोकरी म्हणालं, कुणी पुण्यात दवाखाना. मी म्हणाले, "आमची मेंढरं कशानं मरतात ते सांगा." वर्ग खो खो हसला. मला असा राग आला! खोटं काय होतं त्यात? येलदरी धरणाच्या पाण्याकाठी चरणारी आमची एकवीस मेंढरं दोन वर्षांत गेली होती. गळ्याखाली सूज यायची, मग खेळ खलास. नवस झाले, अंगारे झाले. माझ्या वडिलांनी, रायभानदादांनी, दिवाळीनंतर उरलेला कळप विकायचं ठरवलं होतं.

"हा विषय पुढच्या वर्षी आहे," सर म्हणाले. आता मेंढरांना अभ्यासक्रम कोण सांगणार?

सुट्टीवरून परतताना मी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात लेंड्या भरून आणल्या. एसटीत शेजारच्या आजीनं "पास झालीस व्हय?" म्हणत डब्याला हात घातला. पुढचं सांगत नाही.

प्रयोगशाळेत डबा काकांपुढे ठेवून मी विचारलं, "काका, ह्यात काय हाय बघता?" त्यांनी डबा उघडला, पण हसले नाहीत. हातातली भाकर ठेवली, हात धुतले आणि काचपट्टी तयार केली.

"बघ शालू, पिवळं अंडं दिसायलंय? एका टोकाला झाकण हाय. जंत हाय ह्यो, काळजात, म्हंजी लिवरात बसतोय. पाण्याच्या कडंचं गवत चारू नका."

सरांनी ती पट्टी तपासून औषध लिहून दिलं. पुढच्या वर्षभरात एकच मेंढी गेली. कळप विकला नाही.

मी डॉक्टर झाले त्याच साली काका निवृत्त झाले. समारंभाला दादा आले, नवी घोंगडी काकांच्या खांद्यावर टाकली.

मी विचारलं, "काका, डबा उघडला त्या दिवशी तुमी हसला कसं न्हाईत?"

"कसा हसू? तीस साल पट्ट्या धुतल्या. पोरं विचारायची, पेपरात येतंय का. ह्ये काय हाय, म्हणून विचारणारी तू पयली. लय वाट बघितली, पोरी."

मी त्यांच्या पाया पडले. आभार मानायचे राहूनच गेले होते.